‘गंगा, तीन’ : शब्दांच्या खेळात फसलेले आणि जमलेले क्लू, तुमचेही सांगा

भाऊबीजेच्या रात्री आमच्या इंदिरानगरच्या घरी जेवणं उरकली, सतरंजी पसरली आणि कोडनेम्सचा डाव मांडला. पुढच्या वीस मिनिटांत नणंदेचे यजमान आणि माझा नवरा एकमेकांशी बोलेनासे झाले. म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: पाच बाय पाच असे 25 शब्द जमिनीवर मांडायचे. लाल आणि निळी अशा दोन टीम, प्रत्येकीला एक कॅप्टन. कुठला शब्द कोणाचा हे दाखवणारी चिठ्ठी फक्त दोघा कॅप्टनना दिसते. सुरुवात करणाऱ्या टीमचे 9 शब्द, दुसरीचे 8, सात नुसते बघे आणि एक मारेकरी. मारेकऱ्याला हात लावला की डाव तिथेच संपला, आपण हरलो. कॅप्टनने क्लू म्हणून एक शब्द आणि आपले किती शब्द त्याच्याशी जुळतात तो आकडा बोलायचा, आणि टीम ते शब्द ओळखून बोट ठेवेपर्यंत तोंड मिटून बसायचं. टीम सगळं उलटं समजत असली तरी बसायचं. व्लाडा ख्वाटिल नावाच्या चेक गृहस्थांनी हा खेळ रचला, तो 2015 साली आला, म्हणजे आपल्याकडे मागचा सिंहस्थ भरला त्याच वर्षी. पुढच्या वर्षी जर्मनीत त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचं बक्षीसही मिळालं.

आमच्या शब्दांचे पत्ते घरचे आहेत. विकतच्या डब्यात दोन्ही बाजू धरून 400 शब्द आहेत, पण इंग्रजी. पहिल्यांदा खेळलो तेव्हा ‘लॉक नेस’ बघून काकूंनी विचारलं होतं, “हे कुठलं कुलूप गं?” मग 2020 च्या बंदीत जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि कोऱ्या बाजूवर मराठी शब्द लिहिले. घाट, पान, कळ, मोड, पीठ, सर, भाव. एकेका शब्दाला तीन-तीन अर्थ, त्यामुळे खेळायला इंग्रजीपेक्षा मजा जास्त आणि भांडणंही जास्त.

तर त्या रात्री नवरा कॅप्टन. क्लू दिला: “गंगा, तीन.” मी आणि नणंद एका क्षणात म्हणालो, घाट! बरोबर. मग पूर. बरोबर. तिसरा मारुती, हे गोदावरीला गंगाच म्हणणाऱ्या आम्हा नाशिककरांना सांगावं लागत नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, गळ्याला लागलं का, यावरून आम्ही लहानपणापासून पूर मोजत आलोय. पण नणंदेचे यजमान पुण्याचे. ते म्हणाले, “मारुतीचा गंगेशी काय संबंध?” आणि आम्ही ‘अहो थांबा’ म्हणेपर्यंत त्यांनी काशीवर बोट ठेवलं. काशी मारेकरी.

आता तुम्ही सांगा. नाशकात ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की कोणी काशीचं तिकीट काढतं का?

*

गंगापूर रोड

नणंदेच्या यजमानांची बाजू घेते असं समजू नका, पण चूक तुमच्या कॅप्टनची आहे. समोर काशी मारेकरी म्हणून दिसत असताना गंगा म्हणायचंच नाही. क्लू देताना आधी मारेकऱ्याकडे बघायचं, मग आपल्या शब्दांकडे. मी हे अकरा वेळा हरून शिकले.

*

नाशिकरोड

आमच्या सासूबाई सत्तरीच्या. सुरुवातीला म्हणायच्या, “तुमचं ते हेरगिरीचं खूळ तुम्हीच करा.” एकदा माणूस कमी पडला म्हणून त्यांना कॅप्टन केलं. त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी बघितली, दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, “साडेतीन, तीन.”

दीर म्हणाला, “आई, साडेतीन की तीन?”

“साडेतीन. तीन.”

“अर्धा शब्द कसा शोधायचा?”

त्या काही बोलल्या नाहीत. नियम पाळण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मुलं हसून लोळत होती. समोरच्या टीमने आक्षेप घेतला की आकडा हा क्लू होऊच शकत नाही. मी डब्यातला कागद काढून वाचला: क्लू शब्दाच्या अर्थाशी निगडित हवा, अक्षरं मोजून किंवा शब्द कुठे मांडलाय ते सांगून द्यायचा नाही. साडेतीनला अर्थ आहे की नाही? तर आहे. मी आधी मुहूर्तावर बोट ठेवलं. लाल. मग डोक्यात वणीचा डोंगर आला, सप्तशृंगीचं अर्धं पीठ. पण पत्त्यावर नुसतं ‘पीठ’ लिहिलेलं, शेजारी ‘गिरणी’ होतीच आणि दीर ओरडत होता की ते गव्हाचं आहे. ठेवलं बोट. लाल. तिसरा सापडेना. ‘शहाणा’ समोर होता, पण पेशवाईतले साडेतीन शहाणे कोणाला आठवतात पटकन! शेवटी पुतणीने ठेवला हात, नववीतली पोर, इतिहासाचं पुस्तक ताजं असेल.

सासूबाईंनी चिठ्ठी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “चहा कोण टाकतंय?” त्या दिवसापासून शनिवारी त्यांचा फोन येतो, येताय ना म्हणून.

*

सातपूर

आमचा कंपनीतल्या मित्रांचा ग्रुप. सेकंड शिफ्ट नसेल त्या रविवारी जमतो, आधी मिसळ, मग खेळ. आमच्याकडे वाद एकच: समासाचा. ‘हात’ समोर असताना ‘हातमाग’ क्लू चालत नाही यावर एकमत आहे. पण ‘गूळपोळी’ एक शब्द की दोन? एकाने ‘पोळपाटलाटणं’ दिलं. ते जोडून लिहितात असं त्याचं म्हणणं. मतदान घेतलं, पाच विरुद्ध तीन, नामंजूर. तेव्हापासून नियम असा की जो शब्द एका दमात म्हणता येतो आणि ज्याची जोडी फोडून कोणी वापरत नाही तो चालेल. हा नियमही कोणाला नीट कळलेला नाही.

*

पंचवटी

नवरा-बायकोला एका टीममध्ये घेऊ नका, कळकळीची विनंती.

आमच्या ग्रुपमध्ये एक जोडपं आहे, लग्नाला बावीस वर्षं. परवा वहिनी कॅप्टन होत्या. क्लू: “मनमाड, दोन.” आम्हाला वाटलं जंक्शन, म्हणजे गाडी, रूळ, स्टेशन असलं काहीतरी. असलं काहीच समोर नव्हतं. तेवढ्यात त्यांचे यजमान गालातल्या गालात हसले, आधी ‘छत्री’ला हात लावला, मग ‘केळं’. दोन्ही बरोबर. मग कळलं की लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना गाडी चुकली, रात्रभर दोघं मनमाडच्या फलाटावर बसले, वरून पत्रा गळत होता म्हणून आतल्या आत छत्री उघडून, आणि खायला डझनभर केळी.

हे नियमात बसतं का? आम्ही अर्धा तास भांडलो. मला विचाराल तर बसतं, नुसतं चीड येते. बाकीच्या सहा जणांनी कोणत्या स्टेशनवर बसायचं?

*

कॉलेज रोड

मी विरोधात. इथे सगळे कौतुक करताहेत म्हणून लिहितो. कॅप्टन विचार करत बसतो तेव्हा बाकीच्यांनी काय करायचं? आमचा एक मित्र क्लू द्यायला एवढा वेळ घेतो की तोवर खाली जाऊन दूध घेऊन येता येतं. एकदा आणलंय. डब्यात वाळूचं घड्याळ असतं, ते कोणी उलटलं की त्याला राग येतो.

मला ‘जस्ट वन’ आवडतो. त्यात टीम वगैरे नाही, सगळे एका बाजूला. एकाने डोळे मिटायचे, बाकीच्यांनी गुपित शब्दासाठी आपापल्या पाटीवर एकेक शब्द लिहायचा. दोघांनी सारखाच लिहिला तर दोन्ही पाट्या बाद. उरलेल्या दाखवायच्या आणि त्याने ओळखायचं. 2019 चं तेच जर्मन बक्षीस याला मिळालं. आम्ही सहा जण होतो, शब्द आला ‘चिवडा’. पाच जण लिहिणारे. चौघांनी लिहिलं ‘नाशिक’. चारी बाद. उरली एकच पाटी: ‘कढीपत्ता’. बिचारा ओळखणारा म्हणाला, फोडणी. आता त्याच्या वाढदिवसाला आम्ही दरवर्षी चिवडाच देतो.

*

देवळाली कॅम्प

आमचे वडील नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. जगातला सर्वोत्तम कॅप्टन. आज काय छापलं हे आयुष्यभर घरात कधी बोलले नाहीत, तर 25 शब्द लपवणं म्हणजे काय? टीमने मारेकऱ्याच्या अर्ध्या इंचावर बोट नेलं तरी भुवई हलत नाही. समोरच्या टीमचा कॅप्टन, म्हणजे माझी मुलगी, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून काहीतरी शोधत बसते आणि स्वतःचे शब्द विसरते.

*

सिडको

प्रेसवाले काका आमच्याकडे पाठवा. माझी आई कॅप्टन असली की टीमने चुकीच्या पत्त्याकडे हात नेला रे नेला, हिला खोकला. आम्ही खोकल्यालाच नियमबाह्य ठरवलं. मग ती पाणी प्यायला लागली.

*

निफाडहून, सध्या पुण्यात

बंदीच्या काळात आम्ही भावंडं इंटरनेटवर खेळायचो. फुकटची पानं आहेत, मराठी शब्दही स्वतः घालता येतात. भाऊ न्यू जर्सीला, त्याची सकाळ, आमची रात्र. दादांनी (आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो) क्लू दिला: “निफाड, दोन.”

मला लगेच कळलं, द्राक्ष आणि थंडी. दर जानेवारीत पेपरात पारा घसरल्याची बातमी आमच्याच तालुक्याच्या नावाने येते, आणि त्याच पाऱ्यापायी बागेत शेकोट्या पेटवायला आम्ही पहाटे उठलेलो. पण पाळी भावाची. तो म्हणाला कांदा. मी मनात म्हटलं, गेला हा अमेरिकेत तो गेलाच, गाव विसरला. कांदा समोरच्या टीमचा निघाला, पाळी संपली, डाव हातचा गेला.

दादा चिडले. तर तो शांतपणे म्हणतो, “दादा, लासलगाव कुठल्या तालुक्यात आहे?”

निफाड तालुक्यात. दादांनी कॅमेरा बंद केला. दोन मिनिटांनी परत चालू केला आणि म्हणाले, “चल, पुढचा डाव.” त्या हंगामात आमचा कांदा चाळीत पडून सडला होता, दादा त्या शब्दाकडे बघायलाच तयार नव्हते. हे आईने मला नंतर सांगितलं. भावाला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

*

मेरी, पंचवटीच्या पुढे

नववीतल्या पुतणीबद्दल वाचून सांगते. मी शाळेत शिकवते. ऑफ तासाला फळ्यावर 25 शब्द लिहून वर्गाच्या दोन टीम करते. एका मुलीने ‘सर’ या शब्दासाठी ‘पाऊस’ न म्हणता ‘छडी’ म्हटलं, आमचे हेडसर नेमके दारात. एवढंच.

*

पुणे, कोथरूड

वरच्या भाऊबीजेच्या गोष्टीतला पुण्याचा जावई मीच. बायकोने हा धागा पाठवला. खुलासा करणं भाग आहे.

मेव्हण्यांशी मी दुसऱ्याच दिवशी बोललो. त्यांनी मला सकाळी रामकुंडाकडे नेलं, दुतोंड्या मारुतीसमोर उभं केलं आणि दोन्ही तोंडं दाखवली. मी मारुती मान्य केला. गंगा अजून केलेली नाही. गोदावरीला गोदावरी म्हणावं, या मताला मी चिकटून आहे.

पण संक्रांतीला हीच मंडळी आमच्याकडे आली तेव्हा कॅप्टन मी होतो. समोर ‘नदी’ होती, ‘पूल’ होता, दोन्ही माझ्या टीमचे. मी सरळ क्लू दिला: “मुळा, दोन.” पुण्यात पाचवीतल्या पोरालाही कळेल. माझी टीम म्हणजे वर लिहिणाऱ्या वहिनी आणि माझी सख्खी बायको, जी सतरा वर्षं पुण्यात राहते. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, मान डोलावली आणि ‘कोशिंबीर’वर बोट ठेवलं.

मारेकरी कोण होता ते वहिनींनी धाग्यात लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितोय.