दुबई बघायची कशी? टूरच्या बसमधून, की खाडीच्या काठानं?

करामाकर (मूळ विटा)

मी दुबईत करामा भागात राहतो. दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघाला की विटा, तासगाव, सांगलीकडून फोन सुरू होतात: चार रात्री-पाच दिवसांचं दुबईचं पॅकेज आहे, घेऊ का? माझं उत्तर ठरलेलं आहे. घेऊ नका, तुमचे तुम्ही या.

पॅकेजात काय असतं? बुर्ज खलिफा, मॉल, वाळवंटातली सफारी, बोटीवरचं जेवण. बुर्ज खलिफा जरूर बघा, ८२८ मीटर उंच आहे, मान दुखेपर्यंत बघावी अशीच आहे. पण ती उघडली २०१० साली. त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव खाडीच्या काठावर मोत्यांवर आणि व्यापारावर जगत होतं. इथं तेल सापडलं १९६६ मध्ये. तोवर बाजारात चालायचा तो आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी छापलेला रुपया! आपल्या माणसाला हे गाव दाखवायचं नाही तर कुणाला?

पहिल्या दिवशी सकाळी बर दुबईच्या धक्क्यावर जा. अल फहिदी या जुन्या वस्तीत घरांवर चौकोनी वातमनोरे आहेत, उंचावरचा वारा धरून खाली खोलीत सोडणारे. विजेआधी माणसं इथं कशी राहिली ते तिथं कळतं. मग अब्रानं, म्हणजे लाकडी होडीनं, खाडीपलीकडे देऱ्याला. भाडं एक दिरहम, नावाड्याच्या हातात रोख. मधल्या फळीवर पाठीला पाठ लावून बसायचं, बाजूला कठडा नाही, पाणी हाताच्या अंतरावर. पलीकडे मसाल्यांची गल्ली, सोन्याची गल्ली, आणि धक्क्यावर इराणकडं, सोमालियाकडं निघालेली लाकडी गलबतं. त्यांच्यावर फ्रिज आणि टायर चढवताना हमालांची चाललेली आरडाओरड अर्धा तास उभं राहून ऐका.

शहर किनाऱ्याला धरून अफाट पसरलंय. देऱ्याहून मरीनाला जायचं म्हणजे साताऱ्याहून उंब्रज गाठण्यासारखं, आणि सगळं एकच शहर. त्यामुळं मेट्रो. २००९ पासून आहे, ड्रायव्हरशिवाय धावते. तिकिटासाठी नोल कार्ड काढा. दिवसभराचा पास २० दिरहमला मिळतो. राहायला करामा किंवा बर दुबई, स्टेशनाजवळ. एकच सांभाळा: बायका-मुलांचा डबा वेगळा असतो, जमिनीवर गुलाबी पट्टा असतो, पुरुषानं त्यात जायचं नाही. गाडीत काही खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दंड १०० दिरहम, आणि तो खरंच घेतात.

मिरजेचे निवृत्त मास्तर

करामाकर, तुमची कळकळ पोचली. पण तुम्ही तिथं राहणाऱ्याच्या नजरेनं बोलताय आणि आम्ही पासष्टी ओलांडलेली माणसं आहोत. तुमचं ते बुर्ज खलिफा स्टेशन. तिथून मॉलपर्यंतचा एसी पूल संपता संपत नाही. सरकते पट्टे असले तरी गुडघे बदललेल्या माणसाला ती शिक्षाच आहे. टूरची बस दाराशी सोडते, दाराशीच घेते. कुणाची शुगर खाली गेली तर मॅनेजर धावतो. व्हिसा, विमा, शाकाहारी जेवण, सगळं त्यांच्या डोक्यावर.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या ग्रुपमधल्या बायकांनी जन्मभर प्रत्येक सहलीत डबे भरले, पोरं सांभाळली, हिशेब ठेवला. एकदा तरी कुणीतरी त्यांना "चहा तयार आहे, या" म्हणावं. तुम्ही म्हणता तसं फिरलं की वाट शोधायची, कार्ड रिचार्ज करायचं, जेवायचं कुठं ते ठरवायचं, हे पुन्हा त्यांच्याच माथी येतं. टूरला मी म्हणूनच चांगली म्हणतो.

तासगावची शिक्षिका

मला दोघांचंही पटलं नाही, कारण दोघंही दिवाळी धरून बोलताय. आम्हाला दिवाळीत पेपर तपासणी आणि घरी माहेरवाशिणी. मोकळा वेळ मिळतो तो मेमध्येच, आणि तेव्हा तिकिटंही स्वस्त. तासगावात मेमध्ये चाळीस असतंच की. आम्हाला उन्हाचं काय नवल?

करामाकर (मूळ विटा)

ताई, हात जोडून सांगतो, मे-जूनमध्ये लहान मुलांना घेऊन येऊ नका. तासगावचं ऊन कोरडं. सावलीत गेलं की बरं वाटतं, रात्री अंगणात झोपता येतं. इथं समुद्राचा दमटपणा वर. रात्री अकराला मॉलमधून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, घाम वाळतच नाही. सरकारच दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायला लावतं, यावरून ओळखा. ग्लोबल व्हिलेज, मिरॅकल गार्डन ही उघड्यावरची ठिकाणं भर उन्हाळ्यात बंदच असतात. मग उरतात मॉल. तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीत आणि मॉलमध्ये जातात. नाताळच्या सुट्टीत जमवा. महाग पडेल, पण मुलांना खाडी दिसेल.

आटपाडीचा

दादा, तुमचं लिहिणं आवडलं, पण एक गोष्ट राहिली आणि ती राहायला नको होती. "धक्क्यावर हमालांची आरडाओरड ऐका" असं लिहिलंय तुम्ही. ती माणसं बघायची चीज हाय का? माझा थोरला भाऊ तिकडं वेल्डर. खोलीत सहा-सात जण, खाटेवर खाट. पहाटे चारला बस, साइटवर दिवसभर, रात्री परत. कामगारांची वस्ती सोनापूर म्हणून ओळखतात, एवढं नाव तरी लिहायचं. बुर्ज खलिफा असल्याच हातांनी उभी राहिली. दुष्काळानं आमच्या तालुक्यातली माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, देशभर गेली, काही आखातात गेली. दुबई कशी बघायची हे सांगताना तिथल्या आपल्या माणसाला भेटून या, हे पहिलं सांगायला पाहिजे. शुक्रवारी-रविवारी सुट्टी असते तेव्हा करामात, बर दुबईत भेटतात. घरची चटणी घेऊन गेलात तर डोळ्यात पाणी येतं त्यांच्या.

मिरजेचे निवृत्त मास्तर

आटपाडीकर, हे फार बरोबर बोललात. टूरच्या कार्यक्रमात यासाठी एक संध्याकाळ मोकळी मागता येईल. पण तेवढ्यासाठी टूर सोडावी असं मला अजून वाटत नाही.

साताऱ्याची आई

माझी लेक तिकडे असते म्हणून लिहिते. चटणीचं नाव निघालं, तर कृपा करून हे वाचा. खसखस न्यायची नाही! तिकडे ती अमली पदार्थांत धरतात, चिमूटभर सापडली तरी पोलिसांपर्यंत जातं. आपल्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते, अनारशावर असते, डिंकाच्या लाडवात असते. लेकीसाठी मसाला करताना मी वेगळा घाणा काढते, खसखशीशिवाय. खोबरं, तीळ जरा वाढवते, चव जवळपास तीच येते. कंदी पेढे बिनधास्त न्या. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्याच्या गोळ्यांत ट्रामाडॉल असतं, त्यांना आधी परवानगी काढावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

आणि मास्तर, तुमच्या बायकांच्या मुद्द्यावर मी मात्र करामाकरांच्या बाजूनं. मी मेट्रोत एकटीनं बसायला शिकले. बायकांच्या डब्यात बसून देऱ्याला जायचं, जिरे-दालचिनीचा भाव करायचा, परत यायचं. हिंदी सगळीकडे चालते. चहा आयता मिळण्यापेक्षा मला ते मोकळेपण मोठं वाटलं. तुमच्या ग्रुपमधल्या बायकांना एकदा विचारून बघा, त्यांना काय हवंय.

मिरजेचे निवृत्त मास्तर

विचारलं. चौघी टूर म्हणाल्या, दोघी मेट्रो. माझी पत्नी त्या दोघींत आहे. तरी माझं मत तेच: ज्यांचे गुडघे, कान, डोळे धड नाहीत त्यांनी टूरनंच जावं. सगळ्यांना एकच सल्ला देऊ नका, करामाकर.

करामाकर (मूळ विटा)

मान्य, गुडघे दुखत असतील तर बस घ्या. पण मग टूरवाल्याला दोन गोष्टी आधी लेखी विचारा: अब्राची फेरी आणि अल फहिदी कार्यक्रमात आहे का, आणि सफारीत गाडी टेकाडांवरून उडवत नेणार का. कंबर-मणक्याचा त्रास असलेल्यानं त्या गाडीत बसूच नये. सपाट रस्त्यानं थेट मुक्कामाच्या तंबूपर्यंत नेतात, मागावं लागतं.

आटपाडीकर भाऊ, तुमचं बरोबर आहे. थोरल्यांना माझा नंबर द्या, करामात जेवायला येऊ देत.

तासगावची शिक्षिका

नाताळचं बघते. सोन्याच्या गल्लीतून मंगळसूत्र आणलं तर चालतं ना? सासूबाई विचारतायत.

करामाकर (मूळ विटा)

आणा, पण करमाफी मिळेल असं धरून चालू नका. दागिन्यांची सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्याला असते, पाच दिवसांच्या पाहुण्याला नाही. पावती जवळ ठेवायची, मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या लाल वाटेनं (रेड चॅनेल) जाऊन स्वतःहून सांगायचं आणि शुल्क भरायचं. घडणावळ आणि शुल्क धरून हिशेब करा, मग सासूबाईंना सांगा विट्यातल्या सराफाकडं स्वस्त पडतंय की इथं.