गेस्टने 'मुंबईत काय पाहू?' विचारलं तर तुमच्याकडे उत्तर कोण देतं?

फोर्टची_रिसेप्शनिस्ट:
नमस्कार. मी फोर्टमधल्या एका मध्यम आकाराच्या हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळते. हल्ली दर ब्रीफिंगला वरून एकच सांगणं असतं, 'स्टाफने मुंबईचं प्रमोशन केलं पाहिजे.' मला ते मनापासून पटतं. पण त्यासाठी हातात दिलंय काय, तर एका टूरवाल्याचं माहितीपत्रक. गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, जुहू, सगळं एका दिवसात एसी गाडीतून. गेस्टने ती टूर घेतली की डेस्कला कमिशन.

आणि आमच्याकडे माणसं कोण आहेत बघा. दरवाजावरचे काका जन्मापासून गिरगावात. हाउसकीपिंगमधला मुलगा वरळी कोळीवाड्यातला. या दोघांना सक्त सूचना आहे की 'गुड मॉर्निंग'पलीकडे गेस्टशी बोलायचं नाही. मागे एक जर्मन बाई सोमवारी सकाळी एलिफंटाला निघाल्या होत्या. काकांनी त्यांना दारातच सांगितलं की लेणी सोमवारी बंद असतात, त्यापेक्षा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा, इथून चालत जाता येईल. बाई संध्याकाळी इतक्या खूश होऊन आल्या! काकांना मात्र 'तुमचं काम दार उघडणं' असं ऐकून घ्यावं लागलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्या बाईंपुढे मुंबईची बाजू त्यांनीच तर मांडली होती.

तुमच्याकडे हे कसं चालतं? गेस्टला त्रास होणार नाही आणि ज्यांना शहर माहीत आहे त्यांना बोलताही येईल, असं कुणी बसवलंय का?

जुना_बेलकॅप्टन:
ताई, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. मी कुलाब्यात बेल डेस्कवरून, म्हणजे पाहुण्यांचं सामान सांभाळणाऱ्या डेस्कवरून, निवृत्त झालो. मोठ्या हॉटेलांत कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्या लावलेले कॉन्सिएर्ज, म्हणजे पाहुण्यांना शहराची माहिती देणारे, असतात, त्यांच्याकडे हे ज्ञान म्हणजे पेशा आहे. मध्यम हॉटेलात तो माणूस नसतो, मग ते काम बेलबॉयनेच करायचं. सामान खोलीत ठेवून होईपर्यंत गेस्ट हमखास काहीतरी विचारतो. तेवढ्या वेळेत एकच गोष्ट सांगायची, पण पक्की.

आम्ही डेस्कखाली एक वही ठेवली होती. काय कधी बंद, एवढंच तिच्यात. एलिफंटा आणि कान्हेरी सोमवारी. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याच्या लाँच बंद होतात, मग अलिबागला जाणाऱ्याला भाऊच्या धक्क्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सांगायची. एलिफंटाला जेट्टीवर छोटी गाडी आहे, पण पुढे शंभराच्या वर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना हे आधी सांगितलं नाही तर त्यांचा दिवस वाया. कुलाब्यात रिक्षा शोधत उभे राहणारे पाहुणे तर रोजचेच. माहीम-शीवच्या अलीकडे रिक्षा येत नाही हे त्यांना कोण सांगणार?

वही झाली की पोरांना शहर दाखवा. मी नव्या मुलांना सकाळची शिफ्ट सुटल्यावर ओव्हल मैदानात न्यायचो. मधल्या वाटेवर उभं करायचं. एकीकडे राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसरीकडे आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. सीएसएमटी २००४ पासून आहे, एलिफंटा १९८७ पासून. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीत उतरणारा मुलगा ते स्टेशन पहिल्यांदा मान वर करून बघायचा. त्यानंतर त्याला काही शिकवावं लागत नसे, तो आपणहून गेस्टला सांगायचा.

आणि कमिशन बंद करा. निदान दुकानांचं तरी. ज्या गेस्टला आपण महागड्या एम्पोरियममध्ये पोचवतो त्याला दुसऱ्या दिवशी ते कळतं, आणि मग तो आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

रूमसर्व्हिस_अंधेरी:
काका, सगळं मान्य. पण कमिशन बंद म्हणणं तुम्हाला सोपं आहे. आमच्यातले निम्मे कंत्राटी. बारा-बारा तासांची ड्युटी, त्यात एका मजल्यावर एकच माणूस. कंपनीला मुंबईचं प्रमोशन हवं असेल तर शिफ्टमध्ये त्यासाठी वेळ धरा, पगारात धरा. मी अजून भाऊ दाजी लाड आतून पाहिलेलं नाही, मला कुणी नेलंही नाही. आम्हाला सुट्टी न कापता एकदा न्या, मग बघा आम्ही किती बोलतो ते.

वाटाड्या_गिरगाव:
मी पर्यटकांना चालत फिरवतो. हॉटेलवाल्यांना एक विनंती आहे. जागा सांगता तेव्हा तिथे वागायचं कसं तेही सांगा. खोताच्या वाडीत लोक राहतात, ओट्यावर चढून खिडकीतून फोटो काढू नयेत. चर्चगेटबाहेर साडेअकराच्या सुमारास डबेवाले दिसतात, पण ते घाईत असतात, सेल्फीसाठी अडवू नका. कोळीवाड्यात तर आधी विचारावं. हे सांगायला तुमचा वरळीचा मुलगा सगळ्यात योग्य, ते त्याचंच घर आहे. वाळकेश्वरच्या तलावाला वाणगंगा म्हणू नका, बाणगंगा म्हणा, एवढं मात्र माहितीपत्रक छापणाऱ्याला कळवा, मी ते दोनदा पाहिलंय.

फोर्टची_रिसेप्शनिस्ट:
मनापासून आभार. वहीची कल्पना आजच्या हँडओव्हरलाच मांडली. रात्रपाळीत हिशोब बघणाऱ्या नाइट ऑडिटवाल्याने लगेच मेट्रो ३ ची स्टेशनं लिहून काढली.

अंधेरीच्या दादांचं म्हणणं मला सगळ्यात लागलं. जीएमसमोर (जनरल मॅनेजर) आता दोन गोष्टी ठेवतेय: महिन्यातून एकदा पगारी वेळेत स्टाफचा फेरा, आणि दरवाजावरच्या काकांवरची बोलण्याची बंदी लेखी काढून घेणं. पहिला फेरा ओव्हल ते सीएसएमटी असा धरलाय, हुतात्मा चौकावरून. बेलकॅप्टन काका, तुम्ही यायला तयार असाल तर गाडीभाडं आणि जेवण हॉटेलकडून मंजूर करून घेते. शनिवार सोडून कुठलाही वार सांगा, शनिवारी चेक-इन फार असतात.

जुना_बेलकॅप्टन:
गुरुवार. सकाळी सातला या, आठनंतर ऊन तापतं.