चारही चाकांना ताकद असली तरी विंटर टायर हवेतच

पैलतीर (मिसिसागा, ओंटारिओ)

नोव्हेंबर लागला की आमच्या शनिवारच्या गप्पांत हा विषय निघतोच. "माझी एक्सड्राइव्ह आहे", "माझी क्वाट्रो आहे", "फोरमॅटिकला कसले विंटर टायर!" (ही बीएमडब्ल्यू, आउडी आणि मर्सिडीजच्या फोर-व्हील ड्राइव्हची, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणाऱ्या रचनेची नावं.) गाडीवर सत्तर-ऐंशी हजार डॉलर घालणारी माणसं टायर-रिमच्या दोन-अडीच हजारांपाशी येऊन अडतात. मीही तीन हिवाळे तिथेच अडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या जानेवारीत आम्ही कॉलिंगवूडला निघालो होतो. बॅरीच्या आसपास जॉर्जियन बेवरून येणाऱ्या वाऱ्यानं अर्ध्या तासात रस्ता पांढराफेक केला. हायवे ४०० वर माझ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीनं जराही कुरकुर केली नाही. चढावर शेजारच्या गाड्या जागीच चाकं फिरवत होत्या, आम्ही सरळ वर गेलो. तोच विश्वास घेऊन मी एक्झिटच्या वळणावर आलो. स्टिअरिंग फिरवलं, पुढची चाकंही वळली, गाडी मात्र सरळच जात राहिली. ब्रेकवर पाय, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर, आणि गाडी सावकाश कठड्याकडे. हातभर अंतरावर थांबलो. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली होती, तिला काही कळलंसुद्धा नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हलवायच्या वेळी कामाला येते. थांबवताना तिचा काय उपयोग? ब्रेक तर साध्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीलाही चारही चाकांना असतात. एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल या सगळ्या यंत्रणा टायर जी पकड देतो तीच नीट वाटून वापरतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरा गैरसमज वजनाचा. "माझी गाडी जड आहे, दबून चालते." शाळेतलं सूत्र आठवा: थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षण गुणांक आणि गुरुत्वत्वरणाच्या गुणाकाराची दुप्पट. त्यात वस्तुमान कुठेच नाही. ५० किमी वेगात, ब्रेक लागल्यापासून, गुणांक ०.३ धरला तर सुमारे ३३ मीटर लागतात, ०.२ धरला तर ४९. ते मधले १६ मीटर म्हणजे अख्खा चौक.

हा गुणांक ठरतो रबरावर. उन्हाळी रबर साधारण ७ अंशांखाली कडक होत जातं. ऑल-सीझनचं, म्हणजे गाडीसोबत येणाऱ्या नेहमीच्या बारमाही टायरचं, रबर जरा जास्त तग धरतं, पण कडाक्याच्या थंडीत तेही ताठरतं. विंटर टायरचं रबर शून्याखालीही लवचिक राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या शेकडो बारीक चिरा बर्फाला धरतात.

माझ्या बीएमडब्ल्यू ५३० ला १९ इंची चाकं होती, पुढे २४५/४०, मागे २७५/३५ (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते). आता हिवाळ्यासाठी चारही बाजूंना २४५/४५ आर १८, म्हणजे १८ इंची रिमचे, घातलेत. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, ६७८ मिमी, त्यामुळे वेगमापक चुकत नाही. टायरची बाजू ९८ ऐवजी ११० मिमी उंच झाली, म्हणून मार्चमधल्या खड्ड्यांत रिमही वाचतात. दिसायला १९ इंचीच देखणे, हे मान्य.

रानजाई (टोरोंटो डाउनटाउन)

तुमचा अनुभव वाचून काळजात चर्र झालं. तरीही "हवेतच" हा शब्द मला पटत नाही.

मी कॉन्डोत राहते. तळघरात एका गाडीची जागा आहे, तिथे चार जास्तीची चाकं ठेवायला मनाई आहे. बाहेर ठेवायचे दर हंगामाला वेगळे पैसे. इथले रस्ते पहाटेच मीठ टाकून मोकळे केलेले असतात. डिसेंबरात कितीतरी दिवस तापमान ५ ते ८ अंशांत असतं आणि रस्ता नुसता ओला असतो. अशा रस्त्यावर मऊ रबराचा, चिरांनी भरलेला टायर उलट जास्त अंतर घेतो. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

मी गेल्या वर्षी ऑल-वेदर टायर घेतले. ऑल-सीझन नव्हे! दुकानात लोक दोन्ही एकच समजतात. माझ्या टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह आहे, म्हणजे बर्फावरची चाचणी ते पास झालेत. वर्षभर तेच राहतात.

पैलतीर

रानजाई, ओल्या रस्त्याचा मुद्दा खरा आहे, मी तो सोडायला नको होता. चिन्हाबद्दल मात्र सावध राहा. उत्तर अमेरिकेत ते मिळतं दाबलेल्या बर्फावर टायर गाडीला किती जोरात पुढे ओढतो या चाचणीवर. बर्फावर थांबणं, वळणं, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावरची पकड, यातलं काही त्या चाचणीत नाही. माझी गाडी पुढे जायला कुठे अडली होती?

गाडीवान (कॅलगरी)

इथे उणे ३० मध्ये हा वादच होत नाही. आमचं भांडण पुढचं आहे: विंटर टायरमधला कुठला?

महागड्या गाडीच्या शोरूममध्ये बहुतेक वेळा "परफॉर्मन्स विंटर" दाखवतात. व्ही किंवा एच या जास्त वेगाच्या श्रेणीतला, कोरड्या रस्त्यावर घट्ट, गाडीचा मूळ स्वभाव न बिघडवणारा. मी पहिल्यांदा तेच घेतले. शिनूक, म्हणजे डोंगरावरून उतरणारा उबदार वारा, येतो, दुपारी सगळं वितळतं, रात्री चौकाचौकांत आरसा तयार होतो. त्या आरशावर ते टायर काही कामाचे नव्हते. दुसऱ्या वर्षी मऊ, बर्फासाठीच बनवलेले घेतले, ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक आणि मिशेलिनचा एक्स-आइस यांच्या जातीचे. गाडी वळणावर थोडी मऊ वाटते, पण थांबते. हे टायर बनवायचं ज्ञान मुळात बर्फाळ देशांतलं. आजच्या नोकियन या टायर कंपनीच्या पूर्वीच्या कंपनीनं फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी विंटर टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलिट्टा नावाचा.

आणि हवा तपासा. तापमान सुमारे ६ अंश उतरलं की टायरमधला दाब १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कमी होतो. १५ अंशांच्या गॅरेजात भरलेला टायर उणे २० मध्ये साधारण ६ पीएसआयनं खाली असतो.

इसारकाठ (म्युनिक)

गाडीवान, तुमचा सल्ला इथे आणू नका. मला रोज ऑटोबानवर १४०-१५० नं जायचं असतं, निम्मे दिवस रस्ता कोरडा असतो. तिथे तुमचा मऊ टायर डुलतो. माझ्यासाठी परफॉर्मन्स विंटरच बरोबर. खिळ्यांच्या टायरना तर इथे बंदीच आहे.

जर्मनीत रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा पाणी गोठलेलं असेल तर योग्य टायर सक्तीचे आहेत. नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक दोषांक. ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही, शिखर-हिमकणाचं चिन्ह लागतंच. लोक "ओ ते ओ" म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत. कायद्याला ४ मिमीची नक्षी लागत नाही, १.६ पुरते. मी मात्र ४ च्या खाली गेलो की बदलतो. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात तर विंटर टायरला ४ मिमी हवीच.

माउंटरॉयल (मॉन्ट्रियल)

क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाडीला १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे, नाहीतर २०० ते ३०० डॉलर दंड. तेव्हा "घ्यावेत का" हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

पण पैलतीर यांनी एक इंच लहान रिम घातलेत हे वाचून कुणी डोळे झाकून ऑर्डर देऊ नका. मी दोन इंच लहान रिम मागवले. दुकानदार म्हणाला बसतील. चाक लावलं तर मोठ्या ब्रेकच्या कॅलिपरला (चाकाच्या आतल्या ब्रेकच्या पकडीला) घासत होतं. सगळा संच परत, तीन आठवडे गेले, आणि त्यातच पहिला बर्फ पडला. आपल्या गाडीला कुठले ब्रेक आहेत ते आधी बघा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेले टायरचे आकार बघा, आणि पैसे द्यायच्या आधी एक चाक लावून फिरवून बघा.

स्वारगेट_ते_स्कारबरो

मी १२ हिवाळे ऑल-सीझनवर काढलेत, त्यातली पाच वर्षं लेक्ससवर. एक ओरखडा नाही. दुप्पट अंतर ठेवतो, बर्फाच्या दिवशी घरून काम करतो, वळणाआधीच वेग कमी करतो. माझ्या ओळखीतले तिघे विंटर टायर घालून १२० नं गेले आणि खड्ड्यात उतरले. टायर बदलला की माणसाचा पाय जड होतो. आधी बर्फात गाडी चालवायचं शिक्षण घ्या, मग टायर.

पैलतीर

शिक्षणाचं सोळा आणे मान्य. बर्फाच्या दिवशी घरी बसणं तुम्हाला जमतं. माझी बायको नर्स आहे. वादळाच्या दिवशीच तिला वेळेआधी निघावं लागतं. आणि अंतर आपण ठेवतो तोवर ठीक, समोर अचानक आडवी आलेली गाडी आपल्याला विचारून येत नाही. त्या क्षणी पाय कितीही शहाणा असला तरी पुढचं काम रबरानंच करायचं असतं.

पैशाचंही एक: ओंटारिओत २०१६ पासून चार विंटर टायर असतील तर विमा कंपनीला सवलत द्यावी लागते. ऑल-वेदर धरतात का, ते आपापल्या कंपनीला विचारा. शिवाय हिवाळाभर उन्हाळी संच वापरात नसतो, तेवढा तो कमी झिजतो.

रानजाई

नर्सचं वाचून मी माझं वाक्य थोडं बदलते. रोज ज्याला बाहेर पडावंच लागतं, त्यानं घ्यावेत. माझ्या चार किलोमीटरच्या शहरी फेरीसाठी मात्र मी ऑल-वेदरच ठेवणार. फेब्रुवारीत आम्हाला दोनदा ब्लू माउंटन या स्कीच्या ठिकाणी जायचंय, तेव्हा भाड्याची एसयूव्ही घेईन.

पैलतीर

जरूर घ्या. पण बुकिंग करतानाच विंटर टायर लेखी मागा. ओंटारिओत भाड्याच्या गाडीला ते असतीलच असं नाही. आणि किल्ली हातात घ्यायच्या आधी पार्किंगमध्ये वाकून चारही चाकांवरचं चिन्ह बघा, दोनच चाकांवर असेल तर गाडी परत करा.