मदत हवी आहे: रुटिनच्या गोळ्या आणि डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या

बाबांना टाइप २ मधुमेह आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत दृष्टिपटलातल्या केशवाहिन्यांत सुरुवातीचे बदल दिसले. डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब सांभाळायला सांगितलंय, औषध वाढवलेलं नाही. तेवढ्यात एका नातेवाइकांनी 'रक्तवाहिन्या मजबूत करणाऱ्या' रुटिनच्या गोळ्या आणून दिल्या. रुटिन म्हणजे फ्लॅव्होनॉइड गटातलं, वनस्पतींत सापडणारं एक रसायन. बाबा खूश, मी साशंक.

थोडंफार वाचलं. १९३६ मध्ये शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी आणि सहकाऱ्यांनी लिंबातल्या फ्लॅव्होनॉइडना 'जीवनसत्त्व पी' म्हटलं होतं, केशवाहिन्यांची गळती कमी होते म्हणून. पुढे ते जीवनसत्त्व नाही असं ठरलं. गोळ्या मात्र अजून खपतात! कोकोतल्या फ्लॅव्हनॉलमुळे (हेही फ्लॅव्होनॉइडच) रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि ती सैलावते, हेही वाचलं. पण हे मोजतात बहुधा दंडाच्या धमनीत. तिला स्नायूचा थर असतो. केशवाहिनीला तो नसतोच, तिथे पेशींचा एकेरी थर आणि बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइट पेशी. मधुमेहात आधी मरतात त्या याच. मग दंडावरचा निष्कर्ष डोळ्याला कसा लावायचा?

डायोस्मिन-हेस्पेरिडिन या फ्लॅव्होनॉइडच्या जोडीचे प्रयोग सापडले, पण ते पायांच्या शिरा आणि मूळव्याधीवरचे. दृष्टिपटलासाठी ठोस काही आहे का? की बेरी, संत्री, कांदा, पालेभाज्या खाल्ल्या की पुरे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दंडाच्या धमनीचा मुद्दा बरोबर पकडलात. खाल्लेले फ्लॅव्होनॉइड आतडं आणि यकृत भराभर बदलून टाकतात, त्यामुळे काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलेला परिणाम शरीरात तसाच दिसेल असं नाही.

तुमच्या प्रश्नाला लागू पडणारा पुरावा यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासाचा आहे, १९९८ चा. टाइप २ च्या रुग्णांत साखर काटेकोर ठेवल्यावर सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी घटल्या, रक्तदाब काटेकोर ठेवल्यावर ३७ टक्क्यांनी. एवढं वजन रुटिनच्या मागे नाही. फळं-भाज्या जरूर खाऊ द्या, फक्त रस नको, साखर चढते. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नका, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा असर कमी होतो. फेलोडिपिन (रक्तदाबाचं औषध) असेल तर ग्रेपफ्रूट टाळा.

बाटली फेकू नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी आहे का?

धागाकर्ती:
हो, अ‍ॅस्पिरिन आहे. बाटली तूर्त माझ्या कपाटात ठेवली आहे.