चॉकच्या खुणा पाऊस धुतो का?
'पावसाळ्यात सगळं धुऊन निघतं, मग कातळ चढताना होल्डवर, म्हणजे हात-पाय टेकवायच्या जागेवर, चॉकने खुणा केल्या तर बिघडलं कुठे?' हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. चॉक म्हणजे पकड घसरू नये म्हणून चढताना हाताला लावायची पांढरी पूड, मॅग्नेशियम कार्बोनेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. उघड्या कातळावरचं वाहून जाईलही, पण ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाखाली, पावसाचा थेंब पोचत नाही. तिथले पांढरे फराटे तसेच राहतात.

हाताचं चॉक होल्डला लागणारच, त्याला इलाज नाही. होल्ड कुठे आहे ते दाखवणारी बोटभर लांबीची रेघ मात्र मुद्दाम ओढलेली असते. वरून न दिसणाऱ्या पायाच्या होल्डसाठी ती लागते, हे मान्य. पण काम झालं की पुसा ना! मागून येणाऱ्याला तोच रूट (चढाईचा मार्ग) ऑनसाइट, म्हणजे आधी काही माहिती न घेता पहिल्याच प्रयत्नात न पडता, करायचा असेल, तर वाट स्वतः शोधण्याचा त्याचा आनंदच आपण हिरावून घेतो. मऊ ब्रश पुरतो. तारेचा नको, तो दगडच खरवडतो.

जर्मनीत सॅक्सनीच्या एल्ब वालुकाश्मावर तर चॉकलाच बंदी आहे, आणि तिथे त्याशिवाय भलतेच अवघड रूट चढले जातात. सह्याद्रीत बंदी घाला असं मी म्हणत नाही. उतरताना दोरावर असतानाच आपल्या रेघांवरून ब्रश फिरवा, एवढंच मागणं आहे.