दाखल्यावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती: यांना खोटं कोणी ठरवायचं?

नगरची लेक
'जुना पंच' यांनी परवा लिहिलं की आपल्यातल्या ज्या ख्रिस्ती लोकांच्या जातीच्या दाखल्यावर आरक्षणासाठी अजून 'हिंदू' आणि पुढे जात लागते, त्यांनी प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) पुढे येऊ नये आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभासद यादीतून त्यांची नावं काढावीत. आधाराला सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२४ चा पुदुच्चेरीचा निकाल: ख्रिस्ती धर्म पाळून नोकरीसाठी हिंदू म्हणवणाऱ्या बाईला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. दोन दिवस गप्प बसले. आज राहवत नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. दाखल्यावर हिंदू. बदलीच्या गावी पवित्र शास्त्र पेपरात गुंडाळून पिशवीत ठेवायचे, वर मेथीची जुडी, आणि सहा किलोमीटर सायकल मारत उपासनेला जायचे. आत्या अर्धांगवायूने चौदा महिने अंथरुणावर होती. पंच मंडळी पहिल्या आठवड्यात प्रार्थना करून गेली, पुन्हा कोणी फिरकलं नाही. तिचं भांडं रोज सकाळी वडील काढायचे, साबणाने हात धुऊन उशाशी बसायचे, तेविसावं स्तोत्र वाचायचे आणि मग शाळेत जायचे. फळांवरून ओळखा, असं प्रभूने सांगितलं. दाखल्यावरून ओळखा, असं कुठे सांगितलंय?

आणि राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच हवा, हे सरकारने लिहिलं. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. आपण ख्रिस्ती बाहेरच. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने आमच्या आजोबांना पाटलाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं होतं का?

जुना पंच
ताई, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. कायदा अन्यायाचा आहे, त्यासाठी मीही उन्हात मोर्च्याला चाललोय. पण अन्यायाशी भांडणं वेगळं आणि त्याच्यापुढे खोटं लिहून देणं वेगळं. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, पण कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन तो रडला. इथे रडतं कोण?

माझ्या मुलाची मेडिकलची जागा गेली. चुलत्यांचा जुना दाखला कपाटात होता, त्यावरून आमचा सहज निघाला असता. मी सही केली नाही. बायको दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. त्याच वर्षी आमच्या मंडळीतल्या एकाच्या मुलीला दाखल्यावर जागा मिळाली आणि नाताळच्या उपासनेत त्याने उभं राहून साक्ष दिली, 'प्रभूने दार उघडलं.' मी उठून बाहेर चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

वाटसरू
नवीन काय त्यात? दुष्काळात मिशनच्या धान्यासाठी निम्मी मंडळी भरली. तेव्हा पोटासाठी ख्रिस्ती झाले, आता पोटासाठी हिंदू राहतात. पायाच कच्चा.

केडगावची पणती
हे मागे घ्या.

माझी पणजी १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी गुजरातेतून त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींपैकी. आली ती भाकरीसाठीच, ती स्वतः तसं सांगायची. पुढे पाऊस पडला, तिच्या मामाचा शोधही लागला. ती गेली नाही. म्हातारपणी तिला दिसत नव्हतं, तरी योहानाचा सतरावा अध्याय तिला तोंडपाठ होता आणि एखादा शब्द आम्ही गाळला तर ती थांबवायची.

खुद्द रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनीच लिहिलं की धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं गेली. पंडिताबाईंचं असं, तर दहा वर्षांच्या उपाशी पोरीकडून कसला हिशोब मागता? 'दुधाच्या पावडरीचे ख्रिस्ती' म्हणून मला शाळेत चिडवायचे. ते बाहेरचे होते, सोसलं. तुम्ही तर घरातले.

वाटसरू
सगळ्यांना म्हटलं नव्हतं. दुष्काळ सरल्यावर परत गेलेलेही होतेच, एवढंच म्हणायचं होतं. तुमच्या पणजीबद्दलचा शब्द मागे.

केडगावची पणती
सगळ्यांबद्दलचा घ्या. कोणाची पणजी टिकली आणि कोणाची नाही, हे तुम्हाला इथे बसून कसं कळलं?

वसईचा वारा
आम्ही कॅथलिक, दाखल्याचा प्रश्न आमच्या घरी नाही, पण एक सांगते. माझ्या भावाला नगरकडची मुलगी पसंत होती. तीही ख्रिस्ती, रोज प्रार्थना करणारी. आमच्या घरात पहिला प्रश्न आला, 'मूळचे कोण?' आई दर रविवारी मिस्सा चुकवत नाही आणि तिनेच तो विचारला. लग्न झालं नाही. खोटा विश्वास शोधायचा तर आमच्या दिवाणखान्यातही शोधा.

जुना पंच
हे खरं आहे. पण हा वेगळा धागा होईल.

नगरची लेक
वेगळा कसा? मूळ विचारणारे आपलेच, आणि मूळ लिहिलं म्हणून प्रभुभोजनाला अडवणारेही आपलेच. पंच, तुम्ही पवित्र शास्त्रातली अरामी सेनापती नामानाची गोष्ट विसरलात. कोड बरं झाल्यावर तो म्हणाला, राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात वाकतो, मलाही वाकावं लागेल, देवाने क्षमा करावी. संदेष्टा अलीशा एवढंच म्हणाला, शांतीने जा.

जुना पंच
नामानाचं मान्य. पण त्याने निदान संदेष्ट्याला विचारलं, स्वतःहून बोलला. तुमच्या वडिलांनी कोणाला विचारलं?

नगरची लेक
पाळकांना. वडील वारले तेव्हा पाळक आमच्या घरी आले आणि म्हणाले, दर वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तुमचे वडील माझ्याकडे यायचे आणि या एका गोष्टीसाठी गुडघे टेकायचे. आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्या यादीत तेव्हा त्यांचं नाव कापायचं असतं. रडतं कोण, असं विचारलंत ना तुम्ही?

वाटसरू
प्रभूच्या दाखल्यात गव्हातलं निदण, म्हणजे तण, उपटायला निघालेल्या चाकरांना धन्याने थांबवलं होतं, गहूही उपटला जाईल म्हणून. यादीचं मलाही पटत नाही.

जुना पंच
मला हे ठाऊक नव्हतं, ताई. कसं असणार.

तरी मंडळीच्या सभेत ठराव मी मांडणार. साक्ष द्यायला उभं राहताना 'प्रभूने दार उघडलं' म्हणण्याआधी माणसाने विचार करावा, एवढं त्यात असेल. नावं वाचणार नाही.

केडगावची पणती
आणि यादीचं काय?

जुना पंच
त्याचं उद्या लिहितो. मुलाचा फोन येतोय.