ब्राम्सचा ‘जर्मन रेक्विएम’ : सहाव्या भागापर्यंत आवाज पुरत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी कॉयरचा (समूहगायन गटाचा) कार्यक्रम नऊ आठवड्यांवर आलाय. जर्मन संगीतकार ब्राम्सचा ‘जर्मन रेक्विएम’ पूर्ण गाणार आहोत (रेक्विएम म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ गायची रचना). गेल्या रविवारी पहिल्यांदाच सातही भाग सलग गायलो. सहावा संपेपर्यंत सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) अक्षरशः ओरडत होत्या, आम्हा अल्टोंचा (बायकांचा खालचा आवाज) सूर खाली बसला होता आणि सहाच्या सहा टेनर (पुरुषांचा उंच आवाज) घसा धरून उभे होते. लगेच पुढे सातवा भाग, तो सोप्रानोंनीच उचलायचा असतो. उचललाच गेला नाही.

ज्यांनी ही रचना ऐकलेली नाही त्यांच्यासाठी: साधारण सव्वा तासाचं काम आहे. एकल गायक फक्त तीन भागांत, कॉयर मात्र सातही भागांत. पाचव्यात एकल सोप्रानो पुढे असते आणि आम्ही मागे हळू आवाजात, तेवढीच काय ती उसंत. त्यात आमच्याकडे ऑर्केस्ट्रा नाही. ब्राम्सने स्वतःच केलेल्या चार हातांच्या पियानो आवृत्तीवर गाणार आहोत. १८७१ मध्ये लंडनमध्येही ही रचना पियानोच्याच साथीने झाली होती, त्यामुळे त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. पण पियानोचा सूर विरत जातो. तंतुवाद्यांसारखा तो आपल्याला धरून ठेवत नाही.

दुसरी अडचण अगदी सुरुवातीची. पहिल्या भागात आम्ही ‘झेलिग झिंट’ (‘धन्य आहेत ते’) म्हणत आत येतो तेव्हा साथ थांबते. हे काही बार (मात्रांचे गट) उघडेच गायचे असतात. पियानो परत आला की कळतं, आपण खाली आलोय. सगळ्यांनाच कळतं, समोर बसलेल्यांनाही कळेल.

तालमीनंतर कुणीतरी सुचवलं, सहावा भाग गाळूया. मला ते पटत नाही. हा रेक्विएम मेलेल्यांसाठी प्रार्थनेने सुरू होत नाही, शोक करणाऱ्यांच्या सांत्वनाने सुरू होतो. १८६५ मध्ये आई गेल्यानंतर ब्राम्स यात खोल शिरला. सहाव्यात ‘मरणा, तुझी नांगी कुठे?’ हा प्रश्न येतो आणि तिथून तो मोठा सी मेजरचा फ्यूग (एकच धून एकेका आवाजाने पाठोपाठ उचलायची रचना) उसळतो. तो नसेल तर सातव्यातली शांतता कशातून आली म्हणायची? आमच्यातल्या दोघींच्या घरी यंदाच मृत्यू झालाय. त्या एकही तालीम चुकवत नाहीत. त्यांना अर्धं काम गायला लावायचं माझ्या मनाला येत नाही.

कुणी हे काम गायलं असेल तर सांगा, दम आणि सूर शेवटपर्यंत कसा राखलात?

प्रतिसाद १

मी बेस (पुरुषांचा खालचा आवाज) आहे, हे काम दोनदा गायलोय. सहावा गाळू नका.

आधी सुरुवातीबद्दल. सोप्रानोंचे पहिले तीन सूर एफ, ए, बी फ्लॅट. एफला सा धरा, म्हणजे सा-ग-म. खाली येतो तो बहुतेक वेळा गंधार, आणि तो बसला की पुढचं सगळं बसतं. अर्ध्या लोकांनी नुसता सा धरायचा, बाकीच्यांनी त्यावर ग लावायचा, मग अदलाबदल. पियानो बंद ठेवून. आम्ही महिनाभर रोज पाच मिनिटं एवढंच केलं.

दमाचं म्हणाल तर शेजारच्याबरोबर श्वास घ्यायचाच नाही. दोघांनी आपापल्या जागा पेन्सिलीने ठरवून लिहून ठेवा, आणि त्या बारच्या रेघेवर नकोत, लांब स्वराच्या मधे ठेवा. परत येताना नवं व्यंजन न उच्चारता हलकेच मिसळायचं. तिसऱ्या भागाच्या फ्यूगला हे फार लागतं, ३६ बार खाली साथीत एकच सूर, डी, चालू असतो. व्हिएन्नात १८६७ साली टिंपनी (मोठे नगारे) वाजवणाऱ्याने तो डी इतका जोरात वाजवला की कॉयर ऐकूच येईना. तुमच्या पियानोवाल्यांना उलट तो डी पुन्हा पुन्हा वाजवून जिवंत ठेवायला सांगावं लागेल.

आणि तालीम शेवटापासून करा. ताज्या आवाजात आधी सातवा, मग सहावा. तुमच्या सोप्रानोंनी सातवा आजवर थकूनच गायलाय, घशाने तसाच पाठ केलाय. सहाव्याचा फ्यूग मात्र निम्म्या आवाजात बसवा. पहिल्याच प्रवेशाला जोर काढला तर पुढे काही उरत नाही.

प्रतिसाद २

जर्मन उच्चारांनीही घसा आवळतो. ‘zu’, ‘Zion’ असं दिसलं की ‘झ’ नको, तिथे ‘चोर’मधला च. ‘झेलिग’चा झ ‘माझा’मधला. ‘würdig’ला ओठ उ म्हणतात तसे ठेवून आतून इ म्हणायची. आपल्याकडे हे आवाज आहेतच, इंग्रजीतून जायची गरज नाही.

मूळ लेखिका

मनापासून आभार. काल सातव्यापासून सुरुवात केली. सोप्रानोंचा पहिला प्रवेश न ओरडता लागला, आणि आमच्या कंडक्टर बाई काही क्षण काहीच बोलल्या नाहीत. सहावा गाळायचा विषय निघाला नाही.

आता टेनरांचं. सहाच जण आहेत. फ्यूगमध्ये दोन अल्टोंनी त्यांच्या ओळीत जावं का? मी जायला तयार आहे, पण वरच्या जागांना आवाजाचा रंग वेगळा पडेल अशी भीती वाटते. कुणी केलंय का असं?